विद्यापीठाच्या अडगळीत

न्यूटनचे कागद 'नको' म्हणून परत पाठवले गेले, आणि तेही केंब्रिज विद्यापीठाकडून, यावर आज कोणाचा चटकन विश्वास बसणार नाही. १८७२ मध्ये पोर्ट्‌समथच्या अर्लने घराण्यात वारशाने आलेली न्यूटनची हस्तलिखिते विद्यापीठाच्या ताब्यात दिली. निवडानिवड करायला एक समिती बसली. नेपच्यून ग्रहाचे गणित मांडणारे ॲडम्स तिच्यात होते, पदार्थविज्ञानातले मातब्बर स्टोक्सही होते. सोळा वर्षे घासाघीस करून १८८८ मध्ये यादी छापली गेली. गणित आणि प्रकाशशास्त्रावरचे कागद विद्यापीठाने ठेवून घेतले. किमयेवरचे गठ्ठे मात्र विज्ञानाच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचे ठरवून अर्लच्या वाड्यावर परत धाडले. न्यूटनने किमयेवर उतरवलेला मजकूर दहा लाख शब्दांच्या घरात जातो. कुठे दुसऱ्यांच्या ग्रंथांतले उतारे, कुठे भट्टीजवळ बसून केलेल्या प्रयोगांची टिपणे. तीस वर्षांची ही मेहनत विद्यापीठाने अडगळ मानली.

पुढे १९३६ च्या जुलैमध्ये लंडनच्या सदबीजमध्ये हे गठ्ठे लिलावात निघाले. सगळा लिलाव नऊ हजार पौंडांच्या आसपास आटोपला. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी त्यातले काही तिथेच घेतले आणि बाकीच्यांसाठी व्यापाऱ्यांमागे लागून आणखी बरेच मिळवले. वाचून झाल्यावर त्यांनी एक व्याख्यान लिहिले. त्यात न्यूटनला त्यांनी बुद्धिवादी युगाच्या आरंभी नव्हे, मांत्रिकांच्या परंपरेच्या अखेरीस उभे केले. १९४६ मध्ये ते वाचून दाखवायला केन्स हयात नव्हते. त्यांच्या भावाने ते वाचले. केन्स यांचा संग्रह किंग्ज कॉलेजला मिळाला. म्हणजे ज्या केंब्रिजने कागद हाकलले, त्याच केंब्रिजात ते मागच्या दाराने परत आले.

१८८८ ची समिती काही अडाण्यांची नव्हती. ज्ञान कशाला म्हणायचे आणि कशाला नाही, याचा निकाल तोवर इतका पक्का झाला होता की त्यांना शंकाही आली नसावी. तो निकाल कधी लागला, कोणी दिला आणि त्यात बाहेर काय काय फेकले गेले, हे शोधणारी एक अभ्यासशाखा गेल्या साठ वर्षांत युरोपात उभी राहिली आहे. पाश्चात्त्य गूढविद्येचा इतिहास हा तिचा विषय. हर्मिसच्या नावाने चालत आलेले ग्रंथ, ख्रिस्ती पंडितांनी आपलासा केलेला ज्यूंचा गूढपंथ कब्बाला, किमया, फलज्योतिष, जादू, रोझिक्रुशियन मंडळी, मृतात्म्यांशी बोलणारे, थिऑसॉफीवाले, आणि अगदी अलीकडचे स्फटिक-ऊर्जा विकणारेही तिच्या कक्षेत येतात.

गूढविद्येचा प्राध्यापक म्हटले की लोकांना दोनच शक्यता दिसतात. एक तर तो स्वतः त्या नादातला असणार, नाहीतर बुवाबाजीचे पितळ उघडे पाडायला निघालेला. या शाखेत नाव मिळवलेले बहुतेक लोक दोन्हींत बसत नाहीत. परीस खरोखर असतो का, हा त्यांचा प्रश्न नसतो. परीस शोधणाऱ्याने नेमके काय वाचले, भट्टीत काय घातले आणि शेजाऱ्यांनी त्याला काय म्हटले, हे त्यांना हवे असते. त्यांचे हत्यार एकच: जुना मजकूर बारकाईने वाचणे. गंमत अशी की गूढविद्येला विद्यापीठाबाहेर काढण्याची सुरुवातही याच हत्याराने झाली होती.

त्यासाठी पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्समध्ये जायला हवे. १४६० च्या सुमारास लिओनार्दो नावाचा एक भिक्षू मॅसिडोनियाकडून एक ग्रीक हस्तलिखित घेऊन आला. ते पोचले शहराचे सर्वेसर्वा असलेल्या कोसिमो द मेदिची यांच्याकडे. त्यांच्या आश्रयाने मार्सिलिओ फिचिनो हा तरुण पंडित तेव्हा प्लेटोचे समग्र लॅटिन भाषांतर करायला बसला होता. कोसिमोने त्याला सांगितले की प्लेटो बाजूला ठेव, आधी हे कर. कोसिमो म्हातारा झाला होता आणि मरण्याआधी त्याला हे वाचायचे होते. फिचिनोने १४६३ मध्ये काही महिन्यांत चौदा प्रकरणे लॅटिनमध्ये आणली. कोसिमो १४६४ च्या ऑगस्टमध्ये वारला. भाषांतर १४७१ मध्ये छापले गेले आणि पुढली दीडशे वर्षे युरोपभर वाचले गेले.

प्लेटोला थांबवून आधी वाचावा असा हा लेखक कोण? हर्मिस ट्रिस्मेजिस्टस, म्हणजे तिहेरी थोर हर्मिस. तो इजिप्तचा ऋषी, मोझेसचा समकालीन, ऑर्फियस, पायथागोरस आणि प्लेटो हे त्याच्याच परंपरेतले उत्तराधिकारी, असे फिचिनो मानत होता आणि त्याच्या काळातले बहुतेक विद्वानही. सिएनाच्या कॅथीड्रलमध्ये दारातून आत शिरताच पायाखालच्या संगमरवरी फरशीत हा हर्मिस कोरलेला दिसतो. १४८८ चे ते काम. खाली नाव आहे आणि तो मोझेसचा समकालीन असल्याचेही लिहिले आहे. चर्चच्या फरशीवर, आणि तेही उंबरठ्याजवळ, बिगरख्रिस्ती ऋषी! जे पुढे 'गूढ' म्हणून कोपऱ्यात ढकलले गेले, ते एकेकाळी किती राजरोस होते याचा याहून ठोस पुरावा मला माहीत नाही.

या ग्रंथांत आहे काय? मन, ईश्वर, विश्वाची उत्पत्ती, आत्म्याचे ग्रहांच्या कक्षांमधून खाली उतरणे आणि पुन्हा वर जाणे, गुरू-शिष्याचे संवाद. वाचताना जेनेसिसची आठवण होते, प्लेटोची होते आणि अधूनमधून बायबलच्या नव्या कराराचीही. फिचिनोला वाटले, बरोबरच आहे. हा मूळ झरा, बाकीचे त्यातून निघालेले. सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच प्राचीन ज्ञान आहे आणि ते जितके जुने तितके शुद्ध, ही कल्पना तेव्हा अशी घट्ट रुजली. पिको देला मिरांदोला याने तिच्यात १४८६ साली कब्बाला मिसळला, ९०० सिद्धांत जाहीर केले आणि पोपची नाराजी ओढवून घेतली.

आता साल १६१४. फ्रेंच प्रॉटेस्टंट निर्वासितांच्या घरात जन्मलेला इझाक कॅझोबों लंडनमध्ये आजारी होता. ग्रीक भाषेत त्याचा हात धरणारा त्या काळी युरोपात क्वचितच कोणी असेल. कार्डिनल बारोनिअसने रोमन चर्चचा अवाढव्य इतिहास लिहिला होता आणि त्यात ख्रिस्ताचे भाकीत करणाऱ्या बिगरख्रिस्ती ऋषींमध्ये हर्मिसलाही घेतले होते. कॅझोबोंने या इतिहासाच्या चुका काढायला घेतल्या. हर्मिस हे त्यातले एक छोटे प्रकरण.

त्याने १५५४ ची पॅरिसची ग्रीक आवृत्ती घेतली आणि समासात टिपणे करत वाचली. ती प्रत आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याची पद्धत कोणत्याही मराठी वाचकाला लगेच कळेल. समजा, कोणी ज्ञानेश्वरांच्या आधीची म्हणून एखादी पोथी दाखवली आणि तिच्यात 'पगार' हा शब्द निघाला, तर पुढे बोलायला उरतेच काय? कॅझोबोंला तसेच सापडत गेले. या मजकुरात फिडियस शिल्पकाराचा उल्लेख आहे. तो तर ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातला, मोझेसच्या काळात त्याचे नाव कोण घेणार? ग्रीक स्पर्धांतल्या एका वादकाची गोष्ट आहे. काही ठिकाणी ग्रीक शब्दांवर केलेल्या कोट्या आहेत, ज्या इजिप्शियनमधून भाषांतरित होऊन येणे शक्यच नाही. शैली आणि शब्दसंग्रह तर सरळ उत्तरकालीन ग्रीक. निष्कर्ष: हे लिखाण ख्रिस्ती शकाच्या आरंभीच्या काळातले आहे, आणि ते प्राचीन इजिप्तच्या नावावर खपवले गेले आहे. प्लेटोने हर्मिसचे घेतले नव्हते, हर्मिसवाल्यांनीच प्लेटोचे घेतले होते.

पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी १ जुलैला कॅझोबों वारला. त्याच १६१४ मध्ये जर्मनीतल्या कासेलमध्ये एक निनावी पत्रक छापले गेले. ख्रिस्तियन रोझेनक्रॉइट्झ नावाच्या सिद्धपुरुषाने स्थापलेला एक गुप्त बंधुसंघ आहे आणि तो जगाची सुधारणा करणार आहे, असे त्यात म्हटले होते. युरोपभर लोकांनी या संघाला उत्तरादाखल पत्रके छापली, सामील करून घ्या म्हणून आर्जवे केली. संघ काही कोणाला भेटला नाही. एका हाताने प्राचीन गुरू कागदावर मारला जात होता आणि दुसऱ्या हाताने नवा गुरू कागदावरच जन्माला येत होता, तोही एकाच साली.

कॅझोबोंचेही सगळे बरोबर नव्हते. त्याला हे ख्रिस्ती हातांनी केलेले बनावट लिखाण वाटले. १९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ मातीच्या रांजणात कॉप्टिक भाषेतली हस्तलिखिते सापडली आणि त्यांत हर्मिसपंथाचे मजकूरही निघाले. त्यांवरून आणि पुढच्या संशोधनावरून आज चित्र असे दिसते की रोमन अमलाखालच्या इजिप्तमध्ये ग्रीक बोलणाऱ्या, पण देशी मंदिरपरंपरेशी नाते असलेल्या लोकांत हे लिखाण घडले. मोझेसच्या काळाइतके ते जुने नाही, पण निव्वळ लबाडीही नाही.

प्रबोधनकाळाचा भाग मी इथे झरझर उरकतो, कारण तो मुख्यतः जाडजूड लॅटिन ग्रंथांचा इतिहास आहे. जर्मन प्रॉटेस्टंट पंडितांना ख्रिस्ती धर्मात मुरलेला बिगरख्रिस्ती अंश गाळून काढायचा होता. याकोब ब्रुकर याने १७४२ पासून छापलेल्या तत्त्वज्ञानाच्या इतिहासात खरे तत्त्वज्ञ एका बाजूला आणि हर्मिस, कब्बाला, किमयागार, थिऑसॉफर दुसऱ्या बाजूला अशी विभागणी केली. विशेष म्हणजे ब्रुकरने त्यांच्यावर शेकडो पाने खर्च केली. निंदा करायची तरी वाचल्याशिवाय कशी करणार? त्याच्यानंतरच्यांनी ती पानेही गाळली. एकोणिसाव्या शतकात विद्यापीठातली खाती स्वतंत्र होत गेली, तेव्हा रसायनाने किमयेकडे आणि खगोलशास्त्राने फलज्योतिषाकडे पाठ फिरवली. ॲमस्टरडॅमचे वाउटर हानेग्राफ यांनी २०१२ च्या आपल्या ग्रंथात हीच प्रक्रिया उलगडली आहे. त्यांच्या मते 'गूढविद्या' नावाची एकसंध वस्तू मुळात नव्हतीच. विद्वानांनी जे जे नाकारले ते एका ढिगात पडले, आणि त्या ढिगाला पुढे एक नाव मिळाले.

हा ढीग उपसायला सुरुवात करणाऱ्यांत सर्वांत वाचनीय नाव फ्रान्सिस येट्स यांचे. १८९९ चा जन्म, बाहेरून परीक्षा देऊन मिळवलेली पदवी आणि पुढे लंडनची वॉरबर्ग इन्स्टिट्यूट. ही संस्थाही निर्वासितच. हॅम्बुर्गचे हे ज्यू घराण्यातले ग्रंथालय हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये बोटींतून लंडनला हलवले गेले. तिथल्या कपाटांत जादू, फलज्योतिष आणि कला शेजारीशेजारी लावलेली असत, कारण संस्थापक अबी वॉरबर्ग यांचा खात्यांच्या भिंतींवर विश्वास नव्हता. येट्सबाईंनी १९६४ मध्ये जोर्दानो ब्रूनोवर पुस्तक लिहिले आणि खळबळ उडवली. १७ फेब्रुवारी १६०० ला रोमच्या चौकात जाळला गेलेला ब्रूनो तोवर विज्ञानाचा हुतात्मा मानला जात होता. १८८९ मध्ये त्याचा पुतळाही त्याच चौकात बसवला गेला. बाईंनी सांगितले, हा तर हर्मिसच्या धर्माचा प्रचारक होता, आणि कोपर्निकसचा सूर्य त्याला गणितासाठी नाही, तर देवतेच्या खुणेसारखा हवा होता. पुढे जाऊन त्यांनी असेही म्हटले की निसर्गावर हुकूमत चालवण्याची जी वृत्ती मांत्रिकात होती, तीच आधुनिक वैज्ञानिकात उतरली.

टीका जोरदार झाली. वेस्टमन आणि मॅकग्वायर यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की कोपर्निकसच्या मताकडे वळलेल्यांत हर्मिसचे भक्त फारसे नव्हते. ब्रूनोच्या खटल्याचे मूळ कागद हरवलेले आहेत. १९४२ मध्ये छापलेल्या सारांशात भर आहे तो ख्रिस्ताचे ईश्वरत्व, पवित्र भाकर, अनेक विश्वे अशा मतांवर. बाईंचे मोठे सूत्र आज जवळजवळ कोणी जसेच्या तसे मानत नाही. तरीही माझ्या मते त्यांची चूक इतरांच्या बरोबर असण्यापेक्षा जास्त उपयोगी ठरली. या विषयावर प्रबंध लिहिला तर नोकरी मिळणार नाही, ही भीती त्यांच्या पुस्तकाने कमी केली.

खुर्ची मात्र पहिल्यांदा मिळाली ती पॅरिसमध्ये. तिथल्या उच्च अध्ययन संस्थेच्या धर्मशास्त्र विभागात १९६० च्या दशकात ख्रिस्ती गूढविद्येच्या इतिहासाचे अध्यासन निघाले आणि फ्रान्स्वा सक्रे तिथे शिकवू लागले. १९७९ मध्ये आंत्वान फेव्र आले. त्यांनी १९९२ मध्ये एका छोट्या पुस्तकात कसोटी मांडली. चार गोष्टी हव्याच: विश्वातल्या वस्तूंमध्ये अदृश्य नाती असणे, निसर्ग जिवंत असणे, कल्पनाशक्ती आणि देवदूतांसारखे मध्यस्थ यांच्याद्वारे ज्ञान मिळणे, आणि साधकाचे आतून रूपांतर होणे. सगळ्या परंपरांचा मेळ घालणे आणि गुरूकडून दीक्षा मिळणे या दोन असल्या तर उत्तम. पहिली गोष्ट समजायला सोपी आहे: सोने, सूर्य, सिंह आणि हृदय ही एकाच साखळीतली, म्हणून हृदयविकारावर सोन्याचा अर्क. ज्योतिषी माणकाचा संबंध रवीशी जोडतो हे ठाऊक असलेल्याला ते वेगळे समजवावे लागत नाही.

फेव्र यांची कसोटी काही वर्षे घोकली गेली आणि मग तिच्या मर्यादा दिसू लागल्या. ती प्रबोधनपूर्व युरोप आणि जर्मन स्वच्छंदतावाद समोर ठेवून बेतलेली होती, त्यामुळे तिच्यात तेच नेमके बसे. ज्यू आणि मुस्लिम परंपरा कडेला राहत. दरम्यान ॲमस्टरडॅममध्ये एका धनिक महिलेच्या पुढाकाराने १९९९ मध्ये अध्यासन निघाले, हानेग्राफ तिथे आले आणि विद्यार्थ्यांना रीतसर या विषयातली पदवी मिळू लागली. त्याच शहरात योस्ट रिटमन यांचे खासगी ग्रंथालय होते. विमानात जेवणाबरोबर मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या काट्याचमच्यांवर कमावलेल्या पैशातून त्यांनी हर्मिसपंथाची दुर्मीळ पुस्तके जमवली. २०१६ मध्ये 'द दा विंची कोड'च्या डॅन ब्राउन यांनी त्यांच्या डिजिटायझेशनसाठी तीन लाख युरो दिले. संशोधनाला पैसा कुठून येईल याचा नेम नसतो. २००५ मध्ये युरोपातल्या अभ्यासकांची संघटना झाली, त्याच वर्षी दोन खंडांचा कोशही आला.

पण या शाखेचे खरे कसब मला एका भट्टीजवळ दिसते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे लॉरेन्स प्रिन्सिपे रसायनशास्त्र आणि इतिहास दोन्हींचे डॉक्टर. त्यांनी बॅसिल व्हॅलेंटाइन या नावाने १६०४ मध्ये छापलेल्या ग्रंथातली अँटिमनीची काच करायला घेतली. कृती अशी: अँटिमनीचे खनिज दळायचे, मंद आचेवर भाजून राखाडी भुकटी करायची, मुशीत वितळवायची आणि ओतायची, सोनेरी-पिवळी पारदर्शक काच मिळेल. प्रिन्सिपे यांनी प्रयोगशाळेतले शुद्ध रसायन घेतले. मिळाला करडा, मळकट गोळा. पुनःपुन्हा तेच. कोणीही म्हणाले असते, थापा आहेत. त्यांनी ग्रंथ पुन्हा वाचला. त्यात खनिज हंगेरीचे घ्यावे असे लिहिले होते. पूर्व युरोपातले कच्चे खनिज मागवून केल्यावर पिवळी काच मिळाली. त्या खनिजात थोडे गारगोटीचे मिश्रण असते. काच व्हायला तेच लागत होते. आधुनिक बाटलीतली शुद्धता आड येत होती.

याच पद्धतीने इंडियाना विद्यापीठाचे विल्यम न्यूमन यांनी न्यूटनच्या भट्टीच्या टिपणांचा माग काढला. किमयागारांचे हिरवे सिंह, लढणारे ड्रॅगन आणि राजाराणीचे लग्न ही स्वप्ने आहेत, मनाच्या खोल थरांतून आली आहेत, असे मानसशास्त्रज्ञ युंगने १९४४ मध्ये लिहिले आणि ते फार लोकप्रिय झाले. न्यूमन आणि प्रिन्सिपे म्हणतात, बऱ्याच ठिकाणी ही सांकेतिक नावे आहेत. कृती चोरीला जाऊ नये म्हणून कारागीर जसा शब्द बदलतो तसे. सिंहाच्या जागी कोणते खनिज घालायचे हे कळले, की प्रयोग करता येतो. युंगच्या चाहत्यांना हे रुचत नाही. माझे झुकते माप भट्टीकडे आहे.

आधी नाकारणे आणि मग परत आणणे, हे कलेच्या इतिहासातही झाले. स्वीडनची हिल्मा आफ क्लिंट हिने आत्म्यांच्या बैठकांमधून सुचलेली भव्य अमूर्त चित्रे कँडिन्स्कीच्या आधी काढली. मरणानंतर वीस वर्षे ती दाखवू नयेत असे तिने सांगून ठेवले. १९७० मध्ये स्टॉकहोमच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती भेट म्हणूनही घेतली नाहीत. २०१८-१९ मध्ये न्यू यॉर्कच्या गुगेनहाइममध्ये ती पाहायला सहा लाखांवर लोक आले.

राहता राहिला 'पाश्चात्त्य' या विशेषणाचा वाद, आणि तो आपल्या दारापर्यंत येतो. न्यूटनने स्वतः इंग्रजीत उतरवलेली 'पाचूची पाटी' ही किमयेची मूळ संहिता आधी अरबीत सापडते, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास. जादूचा 'पिकाट्रिक्स' हा ग्रंथ तेराव्या शतकात स्पेनमध्ये अरबीतून भाषांतरित झाला. ब्रिटनच्या एक्सेटर विद्यापीठाने २०२४ मध्ये जादू आणि गूढविज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला, तो अरब आणि इस्लामी अध्ययन संस्थेत. तेव्हा पश्चिम कुठे संपते?

आपल्या दारातले उदाहरण थिऑसॉफिकल सोसायटीचे. ती न्यू यॉर्कमध्ये १८७५ ला स्थापन झाली. तिचे दोन खांब, मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कट, १६ फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबई बंदरात उतरले. त्यांची आर्य समाजाशी युती झाली होती आणि स्वागताला मुंबईचे नामांकित छायाचित्रकार हरिश्चंद्र चिंतामण होते. ऑल्कटने आठवणींत लिहिले आहे की हार-तुरे, भाषणे झाली, आणि मग यजमानांनी घरभाडे, जेवणखाण, डागडुजी, स्वागतसमारंभातल्या तीनशे खुर्च्यांचे भाडे आणि 'लवकर या' म्हणून केलेल्या तारेचा खर्च असे सगळे बिल पाहुण्यांच्याच हाती ठेवले. पुढे हे लोक गिरगावात बिऱ्हाड करून राहिले. १८७९ च्या ऑक्टोबरात 'द थिऑसॉफिस्ट' मासिक मुंबईतच सुरू झाले. १८८२ च्या डिसेंबरात सोसायटी मद्रासजवळ अड्यारला हलली.

या चार वर्षांत मुंबईत कोण त्यांच्याभोवती जमले, ते पाहण्यासारखे आहे. तुकाराम तात्या पडवळ हे त्यांतले एक. १८६१ मध्ये 'एक हिंदू' या टोपणनावाने 'जातिभेद विवेकसार' लिहिणारे हेच गृहस्थ. त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती १८६५ मध्ये जोतीराव फुल्यांनी काढली. जातिव्यवस्थेवर कोरडे ओढणारा माणूस वीस वर्षांनी थिऑसॉफीचा प्रकाशक झाला. पतंजलीच्या योगसूत्रांचे बॅलंटाइन आणि गोविंदशास्त्री देव यांचे इंग्रजी भाषांतर त्यांनी १८८२ मध्ये ऑल्कटच्या प्रस्तावनेसह छापले. तुकाराम महाराजांची गाथाही त्यांनी प्रसिद्ध केली. फुल्यांचा स्नेही, गाथेचा संपादक आणि मॅडम ब्लाव्हाट्स्कींचा सहकारी ही तिन्ही नाती एकाच माणसात कशी बसली, हा फार मोलाचा प्रश्न आहे. दुसरे दामोदर मावळंकर. घरदार सोडून विशीत सोसायटीत आले, मासिकाची व्यवस्था पाहू लागले, १८८५ च्या फेब्रुवारीत सोसायटीच्या अदृश्य गुरूंच्या, म्हणजे 'महात्म्यांच्या', शोधात तिबेटकडे निघाले आणि परतले नाहीत.

त्याच वर्षी लंडनच्या मनोविद्या संशोधन संस्थेचे रिचर्ड हॉजसन यांनी अड्यारच्या चमत्कारांची चौकशी करून ब्लाव्हाट्स्कींना ठक ठरवले. शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच संस्थेच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन यांनी हॉजसनच्या हस्ताक्षरतपासणीचे वाभाडे काढले. महात्म्यांची म्हणून येणारी पत्रे आकाशातून पडत होती की छताच्या फटीतून, हे ठरवून झाले तरी तुकाराम तात्यांचा प्रश्न सुटत नाही. यूलियान श्ट्रूबे यांच्यासारखे तरुण अभ्यासक आता बंगालमधल्या तांत्रिकांचा आणि थिऑसॉफीचा असाच संबंध शोधत आहेत, आणि आधुनिक योग किंवा 'चक्रे' ही पूर्वेची की पश्चिमेची हे विचारणेच फोल आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. दोन्हीकडच्या लोकांनी एकत्र बसून ती आजच्या रूपात घडवली.

बंगालसाठी हे काम करायला श्ट्रूबे बंगाली शिकले. मुंबईच्या चार वर्षांसाठी दुसरी भाषा शिकायचीही गरज नाही. 'द थिऑसॉफिस्ट'चे पहिले खंड आता घरबसल्या वाचता येतात, 'जातिभेद विवेकसार' उपलब्ध आहे, तात्यांच्या छापखान्यातली पुस्तके जुन्या ग्रंथालयांत आहेत. मराठीच्या किंवा इतिहासाच्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधाचा विषय शोधताना हा घ्यावा, आणि त्याच्या मार्गदर्शकाने तो हसून परत पाठवू नये.